लोडवरचं इंजिन

मूळचा हिरवा रंग आता फक्त टाकीच्या मागच्या अंगाला, फडकं पोचत नाही तिथे, उरला आहे. बाकी सर्वांगावर डिझेल, ऑइल आणि नीरेकाठची माती यांचा मिळून झालेला काळपट थर. उंची माणसाच्या मांडीच्या थोडी वर. एका अंगाला जड फ्लायव्हील, दुसऱ्या अंगाला पंप, डोक्यावर टाकी, पोटात तीन-चार लिटर ऑइल. सायलेन्सरचं तोंड वीर धरणाच्या फुगवट्याकडे. पत्र्याच्या खोपटात, काँक्रीटच्या ओट्यावर बोल्टांनी आवळून बसवलेलं हे पाच हॉर्सचं डिझेल इंजिन आमच्याकडे घरच्या माणसांत धरलं जातं. त्याला कारणही आहे. 1972च्या दुष्काळानंतर भूविकास बँकेच्या कर्जातून ते आलं, आणि कर्ज फिटेपर्यंत सातबाऱ्याच्या इतर हक्कात त्याचा बोजा चढलेला होता. कोणाचा मुलगा रात्री पाणी धरतो, कोणाची सून दिवसभर खुरपते, याची नोंद तलाठ्याच्या दप्तरात होत नाही. इंजिनाची झाली होती.

खंडाळा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचं थंड हवेचं ठिकाण येतं. आमचा खंडाळा सातारा जिल्ह्यातला, एसटीच्या पाटीवरचा पारगाव-खंडाळा. पुण्याहून निघून नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. आधी शिरवळ, मग खंडाळा, आणि त्यापुढे लगेच खंबाटकीचा घाट. साताऱ्याकडे जाणारी गाडी वर्षानुवर्षं घाट चढून जात आली, पुण्याकडे येणारी बोगद्यातून उतरत आली. चढाला लागण्याआधी ट्रक इथे दम घेतात. कोणाचं पाणी उकळलेलं असतं, कोणाचा पंप हवा धरतो. त्यामुळे डिझेलचं काम जाणणाऱ्या हातांची या रस्त्यावर कधी वाण पडली नाही. ट्रकचं नोझल, ट्रॅक्टरचा क्लच, विहिरीवरचं इंजिन आणि क्वचित एखाद्या होडीचं इंजिनसुद्धा एकाच मिस्त्रीच्या दारात शेजारी शेजारी उभी असतात. मिस्त्री आणि मालक यांच्यातली भांडणंही त्याच दारात होतात. अशा एका भांडणात आमच्या इंजिनाने जी साक्ष दिली, ती सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आधी त्याचं कुळ सांगतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचं पहिलं नीट चालणारं इंजिन 1897 साली ऑग्सबर्गला तयार झालं. 1900च्या पॅरिस प्रदर्शनात याच जातीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. शेतात जे पिकतं त्यावर शेतातलं यंत्र चालावं, ही कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे आणि मला ती अजून मोलाची वाटते. पुढे इंग्लंडमधल्या लिस्टर आणि पेटर या दोन घराण्यांनी हे यंत्र लहान करून शेतकऱ्याच्या आवाक्यात आणलं. लिस्टर संथ, मिनिटाला साडेसहाशे फेरे, दोन्ही बाजूंना मोठी चाकं. त्याची नक्कल राजकोटच्या कारखान्यांनी गावोगाव पोचवली. पेटर चपळ, मिनिटाला 1500 फेरे. आमच्या भागातली म्हातारी माणसं आजही इंजिनाची चौकशी करताना आधी ‘लिस्टर का पीटर?’ असं विचारतात.

सातारा-सांगलीच्या माणसाने अभिमान धरावा असा भाग पुढचा आहे. कोरेगाव तालुक्यात सातारा रोड स्टेशनजवळ धनजीशा कूपर यांनी कारखाना उभा केला, आधी नांगर केले आणि 1930च्या दशकात डिझेल इंजिनं करायला घेतली. देशी बनावटीची डिझेल इंजिनं करणाऱ्या अगदी पहिल्या कारखान्यांत त्याची गणना होते. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. मुख्यमंत्र्याला तेव्हा हेच नाव होतं. त्याआधी 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली होती, जी आज सांगली जिल्ह्यात येते. त्याच घराण्याने 1946 साली पुण्यात खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. तेव्हा विहिरीच्या काठावर दिसणारं इंजिन कुठूनतरी परमुलखातून आलेलं नाही. ते आमच्याच माळावरच्या भट्ट्यांतून, आमच्याच माणसांच्या हातून घडत आलं आहे. म्हणून ते कोणी वाईट दुरुस्त केलं की मला जास्त लागतं.

स्वभावाने ते हट्टी आहे आणि सरळही. चालू करताना हँडल घालायचं, डोक्यावरची डीकॉम्प्रेशनची कळ उचलायची, फ्लायव्हीलला वेग येईपर्यंत फिरवत राहायचं आणि मग कळ सोडायची. आत कोंडलेली हवा सोळाव्या हिश्श्याएवढ्या जागेत दाबली जाते आणि त्या दाबानेच इतकी तापते की नोझलमधून आलेला डिझेलचा बारीक फवारा ठिणगीवाचून पेटतो. 1500 फेऱ्यांवर चालणारं इंजिन मिनिटाला साडेसातशे वेळा असं पेट घेतं. हँडल वेळेवर काढलं नाही तर मनगट मोडतं. अशी मोडलेली मनगटं आमच्या पिढीत प्रत्येक गावात आहेत. नळीत हवा शिरली तर ते हलत नाही. मग नट सैल करून, बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार लागेपर्यंत हवा काढावी लागते. घाई केलेली त्याला चालत नाही.

त्याची तब्येत ओळखायला डॉक्टर लागत नाही, बघणारा माणूस लागतो. काळा धूर म्हणजे आत गेलेलं डिझेल पुरतं जळत नाही: हवेची जाळी चोंदली असेल, नोझल फवारा मारायचा सोडून धार सोडत असेल, नाहीतर भार झेपेल त्याहून जास्त असेल. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल उतरतंय. सकाळी गार असताना येणारा आणि डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा. इंजिन तापलं की तो थांबायला हवा. तापल्यावरही थांबला नाही आणि सायलेन्सरच्या तोंडाशी धरलेल्या तळव्याला ओल लागली, तर पाणी नको तिथे शिरलं आहे. आणि धुराच्या पलीकडे एक साक्ष आहे, ती ऑइलच्या काडीवर. ही काडी रोज सकाळी बाहेर काढून पुसून पाहावी, असं वडील सांगत. बरेच लोक पाहत नाहीत.

ते भांडण झालं त्या उन्हाळ्यात आमच्या इंजिनाला निळा धूर धरला होता. हँडल मारून मारून माणूस घामाघूम व्हायचा तेव्हा कुठे ते धरायचं, आणि ऑइल तर सारखं वर भरावं लागायचं. विजेची मोटर आहे आता. पण थ्री-फेज कधी दिवसा तर कधी मध्यरात्री येते, आणि ऐन उन्हात ऊस तगवायचा तर इंजिन तयार पाहिजे. सगळ्यांचं मत पडलं, काम काढायचं. इंजिनाचं काम काढणं हा मोठा घाट असतो. हेड उतरतं, पिस्टन बाहेर येतो, क्रँक लेथवर जाते. ओट्यावर इतकी वर्षं हुकमतीने बसलेलं हे इंजिन मिस्त्रीच्या दुकानात रॉकेलच्या पाटीत सुटं सुटं पडलेलं पाहवत नाही.

मिस्त्री ओळखीतला, हाताला गुण असलेला. लायनर, पिस्टन आणि रिंगांचं नवं किट, नवी बेअरिंगं, व्हॉल्व्ह घासून बसवलेले, नोझल तपासलेलं. काम झाल्यावर त्याने निरोप धाडला. दुकानात, माझ्यासमोर, बादलीने पाणी ओतून त्याने हँडल मारलं आणि पहिल्याच झटक्याला इंजिन धरलं. धूर नावालाही नव्हता. “आबा, सगळं नवं टाकलंय. आता दहा वर्सं बगायचं न्हाई.” ऐकून बरं वाटलं. पैसे चुकते केले, टेम्पो बोलावला, इंजिन काठावर आणून पुन्हा ओट्यावर आवळलं.

पहिल्या दिवशी पाणी झकास आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काडी काढली तर ऑइल खुणेच्या वर. इंजिन ऑइल खातं, गळतं, जाळतं. ते ऑइल वाढवत कधीच नाही. वाढलं असेल तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असतं. बोटावर घेतलं तर दूध घातलेल्या चहाच्या रंगाचं. पोटातल्या ऑइलमध्ये पाणी उतरलं होतं. आदल्या संध्याकाळी बंद करण्याआधी खालून एक बारीक ठोका ऐकू आला होता, त्याचाही अर्थ मग लागला. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग तग धरत नाही.

मिस्त्री काठावर आला, ही त्याची चांगली गोष्ट. अनेक जण फोनच उचलत नाहीत. आल्याबरोबर त्याने मात्र तेच सांगितलं जे प्रत्येक मिस्त्री सांगतो: “माझ्या दुकानात एका हँडलला चालू झालं का न्हाई? तुम्ही स्वतः हुबं हुता.” मग एकेक कारण. ऑइल तुम्ही हलकं घातलं असेल. पाण्याची नळी तुम्ही नीट जोडली नसेल. टेम्पोत आदळलं असेल. हेडला मागून कोणी हात लावला का? आणि सगळ्यात शेवटी, सायलेन्सरकडे बोट करून, “धूर तरी बगा, किती साफ हाय!” धूर खरोखरच साफ होता. धुरावर निवाडा द्यायचा असता तर मिस्त्री निर्दोष ठरला असता.

त्याच्या पहिल्या मुद्द्यातच सगळं उत्तर होतं. दुकानात इंजिन चाललं, ते बिनलोडचं. पट्टा नाही, पंप नाही, ओढायला पाणी नाही. थंड करायला बादलीभर पाणी वरून ओतलेलं, म्हणजे त्या पाण्याला दाब नाही. शेतावर तसं नसतं. पंपाच्या डिलिव्हरीच्या पाइपातून बारीक नळी काढून तेच पाणी इंजिनाच्या अंगात सोडतात. ते दाबाने येतं, आणि पूर्ण भार घेतलेलं इंजिन तापून फुगलेलं असतं. जिथे बारीक फट असेल तिथून पाणी तेव्हाच वाट काढतं. दुकानात जे इंजिन निर्दोष दिसलं तेच काठावर सदोष ठरावं, यात इंजिनाने बोलणं बदललं नव्हतं. दुकानात त्याला तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

तोंडातोंडी वाढत चालली. शेजारच्या मळ्यातले नाना येऊन उभे राहिले, आणखी दोघं-चौघं जमले. नाना स्वतः जन्मभर इंजिनावर राबलेले. त्यांनी दोघांनाही गप्प केलं आणि म्हणाले, “त्यालाच इचारा की.” मग जे झालं ते एखाद्या कोर्टातल्या तपासाइतकं शिस्तीचं होतं. आधी पोटातलं ऑइल पारदर्शक बरणीत काढून सावलीत ठेवलं. खाली पाणी बसायला लागलं आणि वर करड्या रंगाचा थर उरला. मग बाजूचं झाकण खोललं, आतून पुसून कोरडं केलं, आणि नळीने अंगातल्या पाण्यावर थोडा दाब दिला. बॅटरीच्या उजेडात नाना, मिस्त्री आणि मी एकत्र वाकून पाहत होतो. लायनरच्या बुडाशी, एकाच बाजूला, थेंब धरला. तो मोठा झाला, ओघळला, मागोमाग दुसरा धरला.

पुढे कोणी काही बोललं नाही. हेड उतरवलं, लायनर ओढून वर काढला. लायनरच्या खालच्या अंगाला खाचेत रबरी रिंगा असतात. पाणी आणि ऑइल यांच्यामध्ये तेवढाच बांध. त्यातली एक रिंग पिळली जाऊन कडेला चावली गेली होती, आणि ब्लॉकच्या आतली बैठक, जिथे ती टेकते, तिच्यावर जुन्या गंजाचं खपली धरलेलं कवच तसंच होतं. बैठक घासून गुळगुळीत न करता, रिंगेला साबणपाणी न लावता लायनर दाबून बसवला होता. लायनर नवा, पिस्टन नवा, रिंगा नव्या, आणि सगळ्यात स्वस्त रबराच्या तुकड्याने, तो बसवणाऱ्या हाताच्या घाईने, सगळं वाया घालवलं. मिस्त्रीने रिंग बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाला, “ही माझी हाय.”

खरं भांडण त्यानंतर सुरू झालं, आणि माझ्या मते महत्त्वाचं तेच. मिस्त्री म्हणाला, मजुरी पुन्हा घेणार नाही. सामान मात्र तुमचं. गावोगाव हाच रिवाज आहे आणि बहुतेक मालक तिथेच मान डोलावतात. मी डोलावली नाही. रिंगेचे पैसे किरकोळ होते. पण पाण्यामुळे नवं बेअरिंग ओरखडलं, भरलेलं सगळं ऑइल फेकावं लागलं. ते नुकसान चुकीच्या बसवणुकीतून आलं आणि ज्याची बसवणूक त्याने ते भरावं. मजुरी माफ करणं म्हणजे उपकार नव्हे. जे काम झालंच नाही त्याची मजुरी मुळात देय नव्हती. नाना माझ्या बाजूने बोलले. अखेर बेअरिंग, रिंगा आणि ऑइल मिस्त्रीने घातलं. टेम्पोचं भाडं मी सोडून दिलं, आणि त्या बदल्यात एक अट घातली: हिशेब दुकानात मिटायचा नाही, काठावर पट्टा चढवून, पाणी पाटात पडताना मिटायचा. त्याने ती मानली. इंजिन पूर्ण भारावर चालवलं, बंद केलं, काडी काढली, पुन्हा चालवलं. काडीवरचं ऑइल काळं, नितळ आणि खुणेवर राहिलं.

मिस्त्रीच्या बाजूनेही बोललं पाहिजे. आमच्याकडचा मिस्त्री हेडचे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळतो, कारण टॉर्क रेंच घेण्याइतके पैसे त्याला कोणी देत नाही. मालक स्वतःच तालुक्याच्या बाजारातून लोकल किट स्वस्तात आणतो, ते बसवायचा आग्रह धरतो आणि बिघडलं की मिस्त्रीच्या नावाने ओरडतो. ‘माल तुमचा, मजुरी माझी’ हे मिस्त्रीचं वाक्य अशा अनुभवांतून आलेलं आहे. लोकल किट बसवायचं असेल तर त्याने आधी स्पष्ट सांगावं आणि चिठ्ठीवर लिहून घ्यावं: हे सामान मालकाने आणलं, याची खात्री मी देत नाही. एवढं केलं तर निम्मी भांडणं होणार नाहीत. उरलेली निम्मी बसवणुकीची असतात. तिथे मात्र मिस्त्रीला सुटका नाही, नसावीच.

सगळ्यांनाच नाना मिळत नाहीत. मिस्त्री ‘पैसे दिल्याशिवाय इंजिन उचलायचं नाही’ म्हणून अडवून बसतो, तेव्हा पुष्कळांना वाटतं की आता तो म्हणेल ते मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. 1872च्या भारतीय करार कायद्याचं 170वं कलम कारागिराला ताब्यातली वस्तू मेहनतान्यापोटी अडवून ठेवायचा हक्क देतं, हे खरं. पण ज्या हेतूने वस्तू सोपवली त्या हेतूप्रमाणे काम झालेलं असलं तरच. अर्धवट किंवा वाकड्या कामावर हा हक्क उभा राहत नाही. आणि 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष दुरुस्ती ही ‘सेवेतील त्रुटी’ आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी यंत्र चालवणारा शेतकरी किंवा नावाडी या कायद्याखाली ग्राहक ठरू शकतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे खंडाळेकराने साताऱ्यात. दोन वर्षांच्या आत करावी लागते. आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. 1915 या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हापासून या मातीत ही जाण रुजते आहे. पण ती शहरातल्या फ्रिज-टीव्हीपर्यंत पोचली, विहिरीच्या काठापर्यंत अजून पुरती पोचलेली नाही.

आयोगापुढे जायचं तर पुरावा लागतो. काढलेले जुने भाग मागून घ्या. ते तुमचेच आहेत. काय बदललं, कोणत्या बनावटीचं, मजुरी किती, हे कागदावर घ्या, मग दुकानाचा छापील पॅड असो वा वहीचं पान. बिघाड दिसला की इंजिन लगेच थांबवा आणि ज्याने काम केलं त्याच्यासमोरच उघडा. परस्पर दुसऱ्या मिस्त्रीने खोललं की पहिल्याला हात झटकायला जागा मिळते. तो यायला तयार नसेल तर दुसऱ्याकडून लेखी अभिप्राय घ्या, फोटो काढा, आणि मगच हेड उतरवा. आमच्या काठावर ती चावलेली रिंग सगळ्यांसमोर बाहेर आली नसती, तर माझा शब्द आणि मिस्त्रीचा शब्द यांत निवड करायला कोणालाच आधार नव्हता.

मला मनापासून काळजी वाटते ती मात्र याच जातीच्या, पाण्यावर चालणाऱ्या इंजिनांची. आमच्या जिल्ह्यात कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा आणि बामणोलीहून लाँच चालतात. वासोट्याला जाणारे पर्यटक त्यांतून जातात, हे बाहेरच्यांना ठाऊक असतं. पण कांदाटी खोऱ्यातल्या माणसांना बाजार, दवाखाना, शाळा, कचेरी यांसाठी हेच पाणी ओलांडावं लागत आलं आहे; धरणाने त्यांचे जुने रस्ते पोटात घेतले. तिथली लाँच मध्यावर बंद पडली तर उसाचं पाणी चुकत नाही, माणसं अडकतात. घाटमाथ्यावरून येणारा वारा लाँचला कुठेही नेऊ शकतो, आणि आत एखादी अडलेली बाई असू शकते. लाँचच्या इंजिनाला थंड करणारं पाणी पंपाने तलावातूनच खेचलं जातं. आमच्या काठावरचा दोष तिथेही तसाच, किनाऱ्याला बांधून चालवलेल्या इंजिनात न दिसणारा आणि भरल्या लाँचमध्ये दिसणारा. 8 ऑगस्ट 2019ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेच्या महापुरात बोट उलटली आणि कितीतरी माणसं गेली. ते दुःख मुख्यतः क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्याचं होतं, इंजिनाच्या कामाचं नव्हे. पण पाण्यावर ढिलाईला दुसरी संधी नसते, हे सातारा-सांगलीला त्या दिवशी कायमचं कळलं.

2021च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी बंधनकारक केली आहे, ते योग्यच झालं. तपासणी मात्र ठरलेल्या मुदतीने होते. दोन तपासण्यांच्या मधे मिस्त्रीने काय खोललं, काय बसवलं, रिंगेची बैठक घासली की नाही, हे कागदावर येत नाही. ते फक्त मालकाला आणि मिस्त्रीलाच ठाऊक असतं.

म्हणून तापोळा-बामणोलीच्या लाँचमालकांना आणि त्यांची इंजिनं बांधणाऱ्या मिस्त्रींना माझी विनंती आहे. पावसाळा संपून वासोट्याची वाट खुली होण्याआधी, काम काढलेलं प्रत्येक इंजिन एकदा पूर्ण भारावर पाण्यात चालवा. प्रवाशांच्या वजनाइतकी वाळूची पोती भरा, मिस्त्रीला लाँचमध्ये बसवून पलीकडच्या काठापर्यंत न्या, परत या, इंजिन बंद करा आणि दोघांनी मिळून काडी काढून बघा. पहिला प्रवासी त्यानंतर घ्या, आणि मिस्त्रीचे उरलेले पैसे त्याच दिवशी, तिथेच धक्क्यावर, पुरते द्या.